त्याला तुझं गप्प असणं आवडतं म्हणे

मने,

काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला आणि माझ्या पोटात गोळा आला. आईचं बीपी, बाबांची कंबर, काय काय येऊन गेलं डोक्यात. आणि तू रडक्या आवाजात म्हणालीस, "ताई, पुस्तक अगदीच फुसकं निघालं गं." आधी मी तुला मनसोक्त शिव्या दिल्या. मग गॅलरीत जाऊन आपण पाऊण तास बोललो. तरी एक गोष्ट राहिलीच. तुझ्या मागे आई जागी होती आणि माझ्या मागे तुझे भावजी झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. म्हणून कागदावर लिहितेय. मेसेज करणार नाही, तुझा फोन आई चाळते. दादा शनिवारी रत्नागिरीला येतोय, त्याच्याकडच्या चिवड्याच्या डब्यात तळाला बघ.

आधी पुस्तकाचं बोलू. किएरा कॅसचं 'द सायरन'. राखीच्या ओवाळणीतून घेतलंस, म्हणून जीव जास्तच जळला. 'द सिलेक्शन' तू दहावीच्या सुट्टीत दोनदा वाचलंस. एक राजपुत्र आणि त्याच्यासाठी जमवलेल्या ३५ मुली. रोज जेवताना आम्हाला त्यांची हजेरी ऐकवायचीस. त्याच बाईंची जलपरी म्हटल्यावर तू उडी मारणारच. पण एक गंमत सांगू? हे पुस्तक 'सिलेक्शन'च्या नंतर बाजारात आलं, लिहिलं मात्र त्याच्या आधी. २००९ साली त्यांनी ते स्वतःच छापलं होतं. 'सिलेक्शन' आलं २०१२ मध्ये, धो धो खपलं, आणि मग २०१६ मध्ये हे जुनं बाड दुरुस्त करून मोठ्या प्रकाशकाकडून पुन्हा निघालं. म्हणजे तू वाचलंस ती त्यांची पहिली पोळी. पहिली पोळी आईचीसुद्धा तव्याला चिकटते.

आणि जलपरी तरी कुठली? त्यात शेपूट आहे का एकीला तरी? ग्रीकांच्या मूळच्या सायरन तर पक्ष्याच्या अंगाच्या आणि बाईच्या तोंडाच्या होत्या. पुढे कधीतरी त्या पाण्यात उतरल्या आणि मत्स्यकन्यांच्या गोतावळ्यात मिसळून गेल्या. असो. शेपटीसाठी मी भांडणार नाही.

तू फोनवर म्हणालीस, "कल्पना एवढी भारी होती, मग असं का झालं?" हा प्रश्न ज्या मुलीला पडला तिची ओवाळणी वाया गेली नाही. चल, नीट बघू. जहाज बुडतंय, काहलेन नावाची मुलगी जगण्याची भीक मागते, समुद्र तिला वाचवतो आणि बदल्यात १०० वर्षांची चाकरी मागतो. समुद्राला भूक लागली की हिनं बहिणींबरोबर गायचं आणि जहाजं बुडवायची. एरवी माणसांपुढे एक शब्द काढायचा नाही, कारण हिचा आवाज ऐकला की माणूस मरणाच्या ओढीनं पाण्यात उतरतो. ८० वर्षं झालीत, २० उरलीत, आणि तेवढ्यात कॉलेजच्या वाचनालयात अकिनली भेटतो.

आता अकिनली क्षणभर बाजूला ठेव. जिनं तोंड उघडलं तर समोरचा मरेल अशी मुलगी! मने, हे केवढं मोठं आहे. आपल्या आजूबाजूला किती घरांत मुली नेमक्या याच भीतीनं जगतात, की मी बोलले तर घर कोसळेल, बाबांना काहीतरी होईल, लग्न मोडेल. लेखिकेच्या हाती एवढं घबाड लागलं होतं. आणि पुढे त्या दोघांनी काय केलं? केक भाजला.

केकवर माझा राग नाही. तो प्रसंग गोडच आहे. राग याचा की दोन-चार भेटींत, थोड्या खुणा आणि थोडं कागदावर लिहिणं एवढ्या भांडवलावर जन्मोजन्मीचं प्रेम उभं राहतं, आणि पुढे विरहानं दोघं खरोखरीच आजारी पडतात. तू म्हणालीस, "मला ते प्रेमात पडताना दिसलेच नाहीत, एकदम पडलेलेच दिसले." हे वाक्य मी माझ्या वहीत उतरवून ठेवलंय. त्यात ती बाई ८० वर्षांची अनुभवी! एवढ्या काळात जगाची केवढी उलथापालथ पाहिली असेल तिनं. तिच्या विचारांत त्याची धूळसुद्धा लागलेली दिसत नाही, आत्ताच बारावी झाल्यासारखी ती लाजते. आपली आजी ८२ वर्षांची आहे. तिला एखाद्या पोरानं केक भाजू म्हटलं असतं तर आधी अंड्याचा की बिनअंड्याचा ते विचारलं असतं, मग त्याचं गाव.

समुद्राचं मात्र मला आवडलं. त्या पुस्तकात समुद्र बाई आहे, आईसारखी. माया करते, आणि माणसं खाते. मराठीत वाचलं असतं तर किती अडखळलो असतो! आपला समुद्र 'तो'. नारळी पौर्णिमेला मिरकरवाड्यात नारळ वाहतात तोही दर्याराजालाच. राजा एक वेळ रागावला तर समजू शकतो, पण पोटच्या पोरीसारखं वागवून तिच्याकडूनच जहाजं बुडवून घेणारी आई, ही वेगळीच धास्ती आहे. तिथे पुस्तक थोडं जिवंत होतं.

आणि आणखी एका जागी होतं. ती पद्मा आठवते? भारतातून आलेली, सगळ्यांत नवी. मुलगी म्हणून घरच्यांनाच नको झाली आणि त्यांनीच तिला समुद्रात टाकली. मी ती पानं वाचताना उठून बसले. लेखिका अमेरिकेत बसून लिहितेय, पण आपल्या साताऱ्यात २०११ मध्ये जिल्हा परिषदेनं समारंभ करून २८५ मुलींना नवी नावं दिली होती. त्या सगळ्यांची नावं होती नकुसा, नकोशी. शाळेत हजेरी घेताना बाई रोज हाक मारणार, 'नको झालेली', आणि तिनं 'हजर' म्हणायचं. आता अशा मुलीच्या गळ्यात कुणी जीवघेणा आवाज ठेवला तर ती पहिल्यांदा कोणासाठी गाईल? माझी झोप उडवणारी कादंबरी ती असती. इथे पद्मा येते, आपली गोष्ट सांगते आणि बाजूला सरकते, कारण अकिनलीला वेळ द्यायचा असतो.

पुढच्या वेळी पुस्तक फसलं की हे करून बघ. आपल्याला सगळ्यांत जास्त कोणाचं ऐकायचं होतं, आणि त्या माणसाला पानं किती मिळाली, ते मोज. मी 'ट्वायलाइट'च्या लाटेत कॉलेजात होते. ते २००५ मध्ये आलं, आणि मग प्रकाशकांनी एकामागून एक प्राणी पकडून आणले. रक्तपिपासू झाले, लांडगे झाले, देवदूत झाले, मग पाण्यातल्या पोरींची पाळी. मी बरीचशी वाचलीत. भाड्याच्या खोलीत, रजईत, टॉर्च लावून. त्यामुळे असली पुस्तकं वाचतेस म्हणून नाक मुरडायचा हक्क मला नाही, आणि कुणी मुरडलं तर माझ्याकडे पाठव.

पण आता मूळ गोष्टीकडे ये. अँडरसनच्या जलपरीच्या. तू लहानपणी तिची रंगीत, गोग्गोड आवृत्ती वाचलीस, मूळ कथा भयंकर आहे. हान्स ख्रिस्तियन अँडरसन म्हणजे डेन्मार्कमधल्या ओडेन्स गावच्या जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, जन्म १८०५ चा. चौदाव्या वर्षी एकटाच कोपनहेगनला गेला. आवाज गोड होता, त्या जोरावर रॉयल थिएटरमध्ये शिरकाव झाला, आणि वयात येताना आवाज फुटला. गाणं संपलं. आवाज जाणं म्हणजे काय हे त्या माणसाला आतून ठाऊक होतं, बघ. पुढे योनास कोलिन नावाच्या तिथल्या एका बड्या गृहस्थांनी त्याला आधार दिला, शाळेत घातलं. त्यांचा मुलगा एडवर्ड, त्याच्यावर याचा जीव जडला.

डॅनिश भाषेतही आपल्यासारखं 'तू' आणि 'तुम्ही' असतं. १८३१ मध्ये अँडरसननं एडवर्डला पत्र लिहून विनवलं, की आता आपण एकमेकांना 'तू' म्हणू या. एडवर्डनं नाही म्हटलं, तेही शिष्टाचारानं. 'तुम्ही'च बरं. इंग्रजीत सांगायला गेलं तर या दुखण्याला तळटीप लागते, तुला लागणार नाही. अहो-जाहोच्या अंतरावर एखाद्याला कायमचं उभं करून ठेवणं काय असतं, ते आपल्याला बरोबर कळतं. एडवर्डचं लग्न १८३६ मध्ये झालं. जलपरीची गोष्ट छापून आली १८३७ मध्ये. त्या दोन गोष्टींचा सांधा पुष्कळ अभ्यासकांनी जोडला आहे.

त्या गोष्टीत चेटकीण आवाज डबीत वगैरे भरत नाही, जीभ कापून घेते. पाय मिळतात, पण प्रत्येक पाऊल सुऱ्यांवर पडावं तसं. आणि राजपुत्र? तो वाईट नाही गं, हीच तर मेख आहे. तो तिचे लाड करतो, तिला आपल्या दाराबाहेर मखमली उशीवर झोपायची परवानगी देतो. परवानगी! त्याला वाटत असतं की बुडताना आपल्याला दुसऱ्याच एका मुलीनं वाचवलं. हिला सगळं माहीत आहे, सांगायला जीभ नाही. तो तिच्या डोळ्यांत बघत आपल्या मनातल्या त्या दुसरीच्या गोष्टी करतो. आणि लग्न करतो ते त्या दुसरीशीच.

अँडरसननं इथे फसवलं नाही. आवाज दिला तर काय किंमत पडते ते त्यानं शेवटच्या पैपर्यंत मांडलं. मुक्या मुलीवर राजपुत्राचं प्रेम बसत नाही, कारण ती कोण आहे हे त्याला कळायला वाटच नाही. आणि 'द सायरन'मध्ये? तिचं मुकेपण प्रेमाच्या आड येतच नाही, उलट सोयीचं होतं. ती बोलत नाही म्हणून तिचं काही खटकत नाही. तो चांगला मुलगा आहे, हसरा आहे, मान्य. पण तिनं ८० वर्षं जहाजं बुडवलीत, हे तिच्या मनाला खात असलेलं ओझं त्याच्यासमोर कधी नीट ठेवलं जातं का? शेवटी माणूस होताना मागचं सगळं ती विसरून जाते. हिशेब मिटला. मला तर खाटिकखान्याची फरशी धुऊन वर रांगोळी काढल्यासारखं वाटलं.

१९८९ च्या डिस्नेच्या सिनेमाला मी नावं ठेवायला बसले होते, पण परवा भाचीबरोबर पुन्हा बघितला आणि चाट पडले. तिथे समुद्रातली चेटकीण एरियलला पढवते, की जमिनीवरच्या पुरुषांना बडबड्या पोरी आवडत नाहीत. हे बोलतं कोण? खलनायिका! फसवण्यासाठी. तिकडे एरिक बिचारा तोच आवाज शोधत किनाऱ्यावर भटकतोय. म्हणजे मुलांच्या सिनेमालाही कळलं होतं की ती थाप आहे. नंतरच्या किती कादंबऱ्यांनी तो सल्ला खरा मानून नायिका घडवल्या, मोजत बसले तर हा डबा पुरायचा नाही.

कोपनहेगनच्या बंदरातला जलपरीचा पुतळा १९१३ चा, एडवर्ड एरिकसननं केलेला. चेहऱ्यासाठी एलेन प्राइस नावाची नर्तकी होती. ती विवस्त्र बसायला तयार झाली नाही, म्हणून अंगासाठी शिल्पकारानं बायकोला बसवलं. तोंड एकीचं, अंग दुसरीचं, आणि जग शंभर वर्षं त्या दोघींना मिळून एकच मुलगी समजतंय.

आपली मत्स्यगंधा आठव याच्यासमोर. आई पोळ्या लाटताना त्या नाटकातली पदं गुणगुणायची ना, कानेटकरांचं १९६४ चं 'मत्स्यगंधा'. महाभारतातली ती कोळ्याची पोर, अंगाला माशाचा वास, यमुनेत होडी चालवणारी. होडीत पराशर ऋषी तिच्या मागे लागतो. त्या प्रसंगाला प्रेमकथा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, तो एवढा मोठा तपस्वी आणि ही होडीत एकटी. पण ती काय करते? बोलते. काठावरून लोक बघतायत म्हणते, धुकं पडतं. माझ्या कौमार्याचं काय विचारते, त्याचा बंदोबस्त करून घेते. वर अंगाचा वास जाऊन सुगंध यावा हेही मागून घेते. जीभ गहाण टाकायची कल्पनाच तिला सुचली नसती. पुढे शंतनू आला तेव्हा तर बापानं आधी अटी घातल्या, आणि त्या अटींवर सगळं महाभारत उभं राहिलं. आवाज असलेल्या बाईची गोष्ट लांबते, एवढं खरं.

आता ते राहिलेलं. फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "पण ताई, त्याला माझं शांत असणंच आवडतं." मग लगेच "झोप, गुड नाइट." मी झोपले नाही.

मने, तू शांत? चौथीत बाईंनी तुझ्या तोंडाला चिकटपट्टी लावायची धमकी दिली होती. आपल्या घरात टीव्हीचा आवाज तुझ्यामुळे वाढवावा लागतो. मग हा कोण मुलगा आहे, ज्याच्यासमोर तू शांत असतेस, आणि किती दिवस?

रागावू नकोस. मी हे कुठून बोलतेय ते सांगते, हे आईलाही माहीत नाही. एस.वाय.ला असताना मी एका मुलाच्या गाडीवर मागे बसून दीड वर्ष फिरले. तो गडांविषयी, गाण्यांविषयी, स्वतःविषयी सुंदर बोलायचा. मी ऐकायचे. मला उंचीची भीती वाटते हे मी त्याला कधी सांगितलं नाही. दर रविवारी कड्यावर उभी राहून गुडघे थरथरत हसायचे. तो मित्रांना सांगायचा, "हिला काय, सगळं चालतं." मला ते कौतुक वाटायचं. मग एका रविवारी मी म्हटलं, आज नको, मला पेपर आहे आणि मला कड्यावर चक्कर येते. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तू हल्ली बदललीस." वाईट मुलगा नव्हता तो, आजही नसावा. पण दीड वर्षात त्यानं माझ्यात जे काय काय भरून ठेवलं होतं ते सगळं त्याचंच होतं, आणि मी रिकामं भांडं धरावं तशी मुकाट्यानं धरून उभी होते. सगळा दोष त्याच्यावर टाकता येत नाही याचंच मला जास्त दिवस वाईट वाटलं.

तुझा तो तसाच आहे असं मी म्हणत नाही. मी त्याला पाहिलेलंही नाही. कदाचित गर्दीत तू शांत असतेस तेवढंच त्याला म्हणायचं असेल. पण तूच फोनवर हसत हसत सांगितलंस की मांडवीला फिरून आल्यावर त्यानं दोघांसाठी मागवलेल्या पिझ्झ्यावर ढोबळी मिरची होती, आणि तू ती सगळी खाल्लीस. तू! जिच्यासाठी आई आजही पावभाजीची भाजी दोन पातेल्यांत करते.

अँडरसनच्या गोष्टीत शेवटी बहिणी पाण्यावर येतात. लांब केस कापून चेटकिणीला दिलेले, बदल्यात सुरी आणलेली, की हिनं राजपुत्राला मारावं आणि घरी परत यावं. ही सुरी फेकून देते. मी लहानपणी त्या गोष्टीत राजपुत्रासाठी रडायचे, हल्ली त्या भादरलेल्या बहिणींसाठी रडते. मी काही केस कापणार नाही, परवाच पार्लरला बाराशे रुपये घातलेत. सुरीही नको. चिवड्याच्या डब्याच्या बाजूला एक पुस्तक आहे, 'टू किल अ किंगडम', अलेक्झांड्रा क्रिस्टोचं. २०१८ चं आहे, तेही समुद्राचंच. त्यातली लिरा राजपुत्रांची काळजं काढून जमवते आणि नायक सायरनची शिकार करत हिंडतो, त्यामुळे दोघांना भांडायला भरपूर विषय आहेत. थोर नाही म्हणणार मी, शेवटी जरा घाई केलीय. पण प्रेमात पडताना दोघं दिसतात तुला.

'द सायरन' दादाकडे परत पाठव, पद्माची पानं मला पुन्हा वाचायचीत. वाटलं तर मधेच सोडलंस तरी चालेल असं एखादं पुस्तक तूही निवडून ठेव, नाताळच्या सुट्टीत दोघी मिळून टर उडवू.

आणि पुढच्या वेळी पिझ्झा आला की मिरची काढून ताटलीच्या कडेला ठेव. त्याच्यासमोर. मग मला फोन कर, साडेअकरा वाजले तरी चालतील.

तुझी,
ताई